बाह्य मॉनिटर, लॅपटॉप गेमिंगमधील

लॅपटॉपला वेगळा मॉनिटर किंवा टीव्ही जोडून त्यावर संगणकीय खेळ खेळण्याची पद्धत. टेबलावर मोठा पडदा, सुटा कीबोर्ड आणि माउस. बाहेर पडताना केबल काढून तोच लॅपटॉप पिशवीत, असा हा दुहेरी वापर आहे. खेळणाऱ्यांच्या बोलण्यात पडद्याच्या इंचांची चर्चा जास्त असते. कळीचा मुद्दा मात्र वेगळा आहे. लॅपटॉपच्या कडेचे पोर्ट आतल्या कोणत्या चिपला जोडलेले आहे, यावर फायदा किती आणि तोटा किती हे बरेचसे ठरते. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याला झुकते माप दिले आहे.

उगम : लॅपटॉप कशाला म्हणायचे यावर या पद्धतीच्या आरंभाचे वर्ष अवलंबून राहते. उचलून नेता येणारे सगळेच संगणक त्यात धरले, तर १९८२ च्या अखेरीस जाहीर झालेल्या कॉम्पॅक पोर्टेबलपर्यंत मागे जाता येते. सुमारे १२.७ किग्रॅ. वजनाच्या या पेटीत ९ इंची एकरंगी पडदा होता आणि रंगीत चित्रासाठी बाहेरचा मॉनिटर जोडण्याची सोय होती. एखादे यंत्र आयबीएम पीसीशी कितपत जुळते हे पाहण्यासाठी त्या काळी ‘फ्लाइट सिम्युलेटर’ हा खेळ चालवून बघत, तेव्हा खेळ आणि सुवाह्य संगणक यांची गाठ तेव्हापासूनची आहे. पण मांडीवर घेता न येणाऱ्या पेटीला लॅपटॉप म्हणणे ओढूनताणून वाटते. खऱ्या अर्थाने मांडीवर मावणाऱ्या यंत्रांत १९८६ चा आयबीएम पीसी कन्व्हर्टिबल हा अधिक भक्कम दाखला ठरतो. बाहेरचा सीआरटी (काचेच्या चित्रनळीचा) मॉनिटर चालवणारा जोडभाग त्याला वेगळा घ्यावा लागे. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या पीएस/२ मालिकेबरोबर व्हीजीए हे चित्रजोडणीचे मानक आले आणि त्याचे पंधरा पिनांचे पोर्ट नंतर कित्येक वर्षे लॅपटॉपच्या अंगावर ठाण मांडून बसले. ॲपलचा पॉवरबुक ड्युओ (ऑक्टोबर १९९२) हा तर डॉकमध्ये, म्हणजे टेबलावरच्या जोडपेटीत, व्हिडिओ कॅसेटसारखा आत सरकवला जाई आणि वर ठेवलेल्या मॉनिटरवर काम चाले. तो कार्यालयीन कामासाठी होता, तरी टेबलावरची आजची मांडणी त्यात जवळपास पूर्ण रूपात दिसते.

खेळासाठी म्हणून बाहेरचा पडदा लावण्याचे कारण बहुधा १९९० च्या दशकात पुढे आले. त्या वेळच्या स्वस्त लॅपटॉपमधील ‘निष्क्रिय मॅट्रिक्स’ प्रकारचे एलसीडी पडदे इतके मंद असत, की माउस जोरात हलवला तर बाण दिसेनासा होई आणि थांबला की पुन्हा उमटे. पिक्सेल बदलायला शंभर मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागे. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० सुटी चित्रे, धरल्या तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. म्हणजे जुने चित्र पुसले जाईपर्यंत सहा-सात नव्या फ्रेम येऊन गेलेल्या असत. सीआरटी मॉनिटरला हा दोष नव्हता. धावत्या खेळासाठी लॅपटॉपमागे सीआरटी लावण्याची प्रथा याच दशकातली असावी.

चित्राची वाट : गेमिंग लॅपटॉपमध्ये सामान्यतः दोन ग्राफिक्स चिप असतात. एक प्रोसेसरच्या पोटातली, वीज कमी खाणारी. दुसरी स्वतंत्र, ताकदीची आणि खादाड. दोहोंतून निवड करण्याची सोय सुरुवातीला ओबडधोबड होती. सोनीच्या २००६ मधील व्हायो एसझेड मालिकेत कीबोर्डच्या वर त्यासाठी एक सरकते बटण होते आणि ते सरकवल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा लागे. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने फेब्रुवारी २०१० मध्ये ऑप्टिमस हे आपोआप निवड करणारे तंत्र आणले तेव्हा बटणही गेले आणि पुन्हा सुरू करणेही. ऑप्टिमसमध्ये लॅपटॉपचा पडदा कायम प्रोसेसरमधल्या चिपलाच जोडलेला असतो. खेळ सुरू झाला की स्वतंत्र चिप जागी होते, फ्रेम काढते आणि तयार फ्रेमची नक्कल मुख्य स्मृतीत (रॅममध्ये) ठेवते. तिथून ती प्रोसेसरमधली चिप उचलते आणि पडद्याला देते. चित्र काढणारा एक, पोहोचवणारा दुसरा.

या नकलेची किंमत किती, यावर दोन मते आहेत. ती नगण्य आहे असे एक, आणि खेळताना जाणवण्याइतकी आहे असे दुसरे. आकडेमोड केली तर दोन्ही मतांचा प्रदेश वेगळा असल्याचे दिसते. १९२०×१०८० पिक्सेलची एक फ्रेम प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरून ८२,९४,४०० बाइटची होते. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे साधारण अर्धा गिगाबाइट, १४४ फ्रेम म्हणजे सुमारे १.२ गिगाबाइट. हेच ३८४०×२१६० ला १४४ फ्रेम धरल्यास जवळजवळ ४.८ गिगाबाइट. स्वतंत्र चिपला प्रोसेसरशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस ३.० या वाटेच्या आठ मार्गिकांची एका दिशेची क्षमता सेकंदाला सुमारे ७.९ गिगाबाइट असते, आणि कित्येक लॅपटॉपमध्ये चारच मार्गिका दिलेल्या असतात. शिवाय मुख्य स्मृती ही प्रोसेसरचीही असते. खेळाची बाकी कामे तिच्याच दाराशी रांगेत उभी असतात. त्यामुळे मंद, डोळ्यांना सुखावणाऱ्या खेळांत पहिले मत आणि सेकंदाला शेकडो फ्रेम मागणाऱ्या नेमबाजीच्या खेळांत दुसरे मत ग्राह्य वाटते. ‘लॅपटॉपला मॉनिटर लावला आणि खेळ जास्त पळायला लागला’ हा अनुभव बहुतेकदा दुसऱ्या प्रकारातला असतो. बाहेरचे पोर्ट थेट स्वतंत्र चिपला जोडलेले असेल, तर फ्रेम मधला वळसा न घेता केबलमध्ये उतरते.

‘असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच लॅपटॉपचे एचडीएमआय पोर्ट एका चिपला आणि यूएसबी-सी पोर्ट दुसऱ्या चिपला जोडलेले असू शकते, आणि कडेवरच्या छोट्या खुणांवरून ते कळत नाही. पडताळण्याचा सोपा मार्ग असा : एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सराउंड आणि फिजएक्सचे पान उघडावे. तिथल्या आकृतीत प्रत्येक पडद्यापासून निघालेली रेघ ज्या चिपवर जाऊन थांबते, ती त्या पोर्टची मालकीण. केबल एका पोर्टातून काढून दुसऱ्यात घातली की रेघ डोळ्यांदेखत जागा बदलते. विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्येही पडदा कोणत्या ग्राफिक्सला जोडला आहे, हे नावानिशी दिसते.

लॅपटॉपच्या अंगच्या पडद्यालाही थेट वाट मिळावी म्हणून काही निर्माते मल्टिप्लेक्सर, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘मक्स स्विच’, बसवतात. तो फिरवला की पडदा स्वतंत्र चिपकडे जातो, पण त्यासाठी साधारणपणे पुन्हा सुरू करणे आलेच. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या ॲडव्हान्स्ड ऑप्टिमसमध्ये तीही गरज उरली नाही. अशा लॅपटॉपवर बाह्य मॉनिटरचा वेगासाठी म्हणून असलेला फायदा जवळजवळ संपतो. उरतो तो पडद्याच्या आकाराचा आणि गुणवत्तेचा.

थेट वाटेची दुसरी बाजूही आहे. पोर्ट स्वतंत्र चिपचे असेल, तर मॉनिटर जोडलेला असेपर्यंत ती चिप झोपू शकत नाही, समोर साधे पत्र टाइप करणे चालू असले तरी. ॲपलच्या २०१० नंतरच्या दोन चिपांच्या १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये हे स्पष्ट दिसे : बाहेरचा पडदा जोडला की स्वतंत्र चिप आपोआप चालू होई आणि चालूच राही.

जोडण्या : पोर्टामागची चिप योग्य असूनही केबलची क्षमता आड येते. एचडीएमआय १.४ (२००९) मधून ३८४०×२१६० चे चित्र ३० हर्ट्झनेच (सेकंदाला ३० वेळा) जाते; २.० (२०१३) मध्ये ते ६० हर्ट्झवर आले आणि २.१ (२०१७) मध्ये १२० हर्ट्झ व त्यापलीकडे. या तिन्हींच्या एकूण क्षमता अनुक्रमे १०.२, १८ आणि ४८ गिगाबिट प्रतिसेकंद आहेत. डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या जोडणीच्या १.४ आवृत्तीची (२०१६) क्षमता ३२.४ गिगाबिट असून त्यापैकी २५.९२ गिगाबिट चित्राच्या वाट्याला येतात.

यूएसबी-सीतून डिस्प्लेपोर्ट नेण्याची व्यवस्था व्हेसा या मानक संस्थेने सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर केली, आणि गोंधळाला खरी सुरुवात इथे होते. सगळ्याच सी पोर्टांतून चित्र निघत नाही. काहींतून नुसता विदा (डेटा) जातो, काहींतून नुसते चार्जिंग होते. निघाले तरी किती निघेल हा प्रश्न राहतोच. या केबलमध्ये चित्रासाठी चार मार्गिका वापरता येतात. मधे एखादा हब (एका पोर्टाची अनेक करणारी पेटी) असून त्यावर जलद यूएसबी उपकरणेही चालवायची असतील, तर बऱ्याच हबमध्ये दोन मार्गिका तिकडे जातात. उरलेल्या दोन मार्गिकांतून डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने १२.९६ गिगाबिट मिळतात. २५६०×१४४० च्या चित्राला १४४ हर्ट्झला सुमारे १४ गिगाबिट लागतात, १२० हर्ट्झला सुमारे १२. त्यामुळे मॉनिटरच्या खोक्यावर १४४ छापलेले असूनही विंडोजच्या यादीत १२० च्या वर आकडाच दिसत नाही आणि दोष मॉनिटरच्या माथी मारला जातो. तीच केबल हब टाळून थेट लॅपटॉपला लावली की १४४ परत दिसते. डीएससी हे चित्राचे संक्षेपण दोन्ही बाजूंना उपलब्ध असेल तर ही अडचण येत नाही.

डिस्प्लेलिंक पद्धतीचे डॉक वेगळ्या जातीचे आहेत. त्यांत प्रोसेसर चित्र दाबून लहान करतो आणि ते साध्या यूएसबी डेटाच्या रूपात पाठवतो. तक्ते आणि पत्रव्यवहार यांना ते उत्तम, खेळाला नाही.

विभेदन (रेझोल्यूशन) आणि रिफ्रेश रेट : मोठ्या पडद्याबरोबर पिक्सेलही वाढतात, हे वेगाच्या हिशेबात विसरले जाते. १९२०×१०८० च्या तुलनेत २५६०×१४४० मध्ये १.७८ पट आणि ३८४०×२१६० मध्ये बरोबर चौपट पिक्सेल असतात. थेट वाटेमुळे झालेली कमाई इथे सहज खर्च होऊन जाते. बाह्य मॉनिटरने खेळ जलद होतो आणि बाह्य मॉनिटरने खेळ मंदावतो, ही दोन्ही विधाने म्हणूनच आपापल्या जागी खरी ठरतात.

फ्रेम जशी तयार होईल तसा पडदा ताजा करण्याच्या तंत्राला एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने पुढे आणले. मे २०१४ मध्ये ॲडॅप्टिव्ह-सिंक हे तशाच कामाचे खुले तंत्र डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये समाविष्ट झाले आणि एएमडीचे फ्रीसिंक त्यावर उभे राहिले. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाच्या चिपही अशा मॉनिटरबरोबर चालू लागल्या. लॅपटॉपच्या बाबतीत अट पुन्हा तीच : जी-सिंक हवे, तर पोर्ट एनव्हिडियाच्या चिपचे हवे. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवले, तर वेगवान मॉनिटरला संथ पडद्याच्या चालीने चालावे लागू शकते. म्हणून खेळताना फक्त दुसरा, म्हणजे बाहेरचा, पडदा चालू ठेवण्याचा प्रघात आहे.

बाह्य ग्राफिक्स : ग्राफिक्स कार्डच लॅपटॉपबाहेर पेटीत ठेवले, तर मॉनिटरचे महत्त्व आणखी वाढते. एटीआयची एक्सजीपी जोडणी (२००८) हा यातला आरंभीचा प्रयत्न. थंडरबोल्ट ३ (२०१५) नंतर अशा पेट्या रूढ झाल्या. थंडरबोल्ट ३ चा गाजलेला आकडा ४० गिगाबिटचा असला, तरी कार्डाच्या वाट्याला प्रत्यक्षात त्यातून बरेच कमी येतात. तयार चित्र त्याच केबलने माघारी आणून लॅपटॉपच्या पडद्यावर दाखवायचे झाल्यास वाट दोन्हीकडून भरते. मॉनिटर थेट पेटीतल्या कार्डाला लावणे हाच शहाणपणाचा मार्ग मानला जातो.

इतर : एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला टीव्ही समजून काही वेळा मर्यादित रंगपल्ला पाठवला जातो, मग काळा रंग राखाडी दिसतो आणि खेळातली अंधारी गुहा धुक्यासारखी वाटते. त्याच केबलमधून आवाजही जातो, त्यामुळे स्पीकर नसलेला मॉनिटर जोडताच खेळ मुका होण्याचा प्रकार नेहमीचा. टीव्ही वापरल्यास त्याचा गेम मोड चालू करावा लागतो, एरवी चित्र सजवण्याच्या नादात तो कळ दाबल्यानंतरचा प्रतिसाद लांबवतो.

लिनक्स या कार्यप्रणालीवर दोन चिपांची ही व्यवस्था दीर्घकाळ तापदायक होती. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात ऑप्टिमसविषयी प्रश्न आला तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एनव्हिडियाला कॅमेऱ्यासमोर जे सुनावले, ते विश्वकोशात छापण्याजोगे नाही.

झाकण बंद करून खेळण्याची पद्धत टेबलावर जागा वाचवते. काही लॅपटॉप मात्र कीबोर्डच्या फटींतूनही हवा आत ओढतात आणि गरम हवा बिजागरीजवळून, नेमकी पडद्याच्या खालच्या कडेवर, सोडतात. अशा यंत्राचे झाकण अर्धवट तरी उघडे ठेवलेले बरे.