निअँडरथल चेहऱ्याची पुनर्रचना

निअँडरथल माणूस, म्हणजे आपल्या जवळच्या नात्यातली एक जुनी मानवजात, साधारण 40 हजार वर्षांपूर्वी संपला, त्यामुळे म्युझियममध्ये दिसणारे त्याचे चेहरे कवटी, दात, हाडं आणि आता डीएनए यांच्यावरून घडवलेले असतात. अशा पुतळ्यात हाडांनी सांगितलेलं किती आणि कलाकाराने भरलेलं किती, हे बघणाऱ्याला कळायलाच हवं.

हाडांवरून पक्कं कळतं ते असं: भुवयांवर जाड हाडाचा कंगोरा, मागे उतरतं कपाळ, मोठं रुंद नाक, चेहऱ्याचा मधला भाग पुढे आलेला, हनुवटी जवळपास नाहीच. मेंदू मात्र आपल्याएवढा, कधीकधी मोठासुद्धा.

पद्धत फॉरेन्सिकवाले बेवारस कवटीवर वापरतात तीच. आधी सीटी स्कॅन, तुटलेले तुकडे स्क्रीनवर जुळवायचे, एखादी बाजू गायब असेल तर दुसऱ्या बाजूची उलटी प्रतिमा तिथे बसवायची, मग थ्रीडी प्रिंट काढून त्यावर ठरावीक जागी मांसाची जाडी दाखवणाऱ्या खुंट्या लावायच्या आणि स्नायू, चरबी, कातडी असे थर चढवायचे. अडचण इथेच आहे, कारण जाडीचे हे आकडे आजच्या माणसांवरून घेतलेले आहेत, निअँडरथलचे आकडे मिळायला मांस उरलेलंच नाही. नाकाचा शेंडा, कान, ओठ यांचंही तेच, ते अंदाजानेच करावे लागतात.

अंदाज किती भरकटू शकतो याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सां इथे 1908 मध्ये सापडलेला सांगाडा. हा वयस्कर माणूस होता, बरेचसे दात पडलेले, मणक्यांना संधिवात. फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ मार्सेलिन बूल यांनी त्याचा अभ्यास करून गुडघ्यात वाकून, मान पुढे काढून चालणारा प्राणी रंगवला, आणि 1909 मध्ये चित्रकार फ्रांटिशेक कुपका यांच्या चित्रात तो केसाळ, हातात सोटा घेतलेला, जवळपास वानरच दिसतो. पुढे 1939 मध्ये मानवशास्त्रज्ञ कार्लटन कून यांनी त्यालाच हॅट आणि टाय घातलेला दाखवला, आणि 1957 मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह या शरीरशास्त्रज्ञांनी हाडं पुन्हा तपासून सांगितलं की हा आपल्यासारखाच ताठ चालत असणार, आंघोळ, दाढी करून आजचे कपडे घातले तर न्यूयॉर्कच्या सबवेत कोणी वळूनही बघणार नाही. कवटी एकच, बदलली ती बघणाऱ्यांची मतं.

आताचं काम जास्त सावध आहे. इराकी कुर्दिस्तानातल्या शानिदार गुहेत 2018 मध्ये एका बाईची कवटी मिळाली, सुमारे 75 हजार वर्षं जुनी, चेपून जेमतेम 2 सेंटिमीटर जाडीची झालेली. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधक एमा पोमेरॉय यांच्या म्हणण्याप्रमाणे हाड चहात बुडवलेल्या बिस्किटाइतकं मऊ होतं, म्हणून आधी गोंदासारखं द्रव्य देऊन ते घट्ट केलं, मातीसकट फॉइलमध्ये गुंडाळून छोटे ठोकळे बाहेर काढले, आणि मग 200 च्या वर तुकडे हाताने जुळवले. दातांच्या झिजेवरून वय चाळिशीच्या मध्याला, आणि दातांच्या एनॅमलमधल्या प्रथिनांवरून बाई असल्याचं ठरलं. त्यावरून नेदरलँड्सच्या केनिस बंधू या शिल्पकारांनी केलेला चेहरा 2024 मध्ये लोकांसमोर आला. त्यातली शांत, विचारात पडलेली नजर मला फार आवडते, पण ती कलाकारांचीच आहे.

रंगाबद्दल डीएनए थोडं बोलतो. 2007 मध्ये स्पेन आणि इटलीतल्या दोन निअँडरथलांमध्ये एमसी1आर या, कातडी-केसांच्या रंगाशी संबंधित जनुकाचा असा प्रकार मिळाला की त्यांची कातडी फिकट आणि केस लालसर असू शकतील. पण त्यावरून सगळेच तसे होते असं ठरत नाही, ते हजारो वर्षं युरोपपासून सायबेरियापर्यंत पसरलेले होते.

कधीकधी मात्र एक बारीक खूणही खूप सांगून जाते. उत्तर समुद्राच्या तळातून मिळालेला कवटीचा एक छोटा तुकडा, भुवईच्या वरचा, त्यात गाठीमुळे पडलेला खळगा आहे. 2021 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या म्युझियमसाठी केनिस बंधूंनी त्यावरून क्राइन नावाचा तरुण घडवला, बाकीचा चेहरा इतर निअँडरथल कवट्यांच्या आधाराने, पण उजव्या भुवईवरचं टेंगूळ त्याचं स्वतःचं.