पार्श्वभूमी : जुन्या गाडीचा कार्बोरेटर पडवीत का खोलावा लागतो

सावंतवाडीपासून महाडपर्यंत आज ज्यांच्याकडे पद्मिनी, अँबॅसिडर किंवा २००० पूर्वीची मारुती ८०० चालू अवस्थेत आहे, त्यांतल्या बऱ्याच जणांनी कार्बोरेटर (इंजिनात जाणारे पेट्रोल हवेत ठरावीक प्रमाणात मिसळणारा भाग) खोलायला स्वतःच शिकून घेतले आहे. हौस त्यात असतेच, पण त्याहून मोठी कारणे गेल्या पंचवीस वर्षांत घडली.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगण्यासारखा आहे. पद्मिनीवरचा सोलेक्स आणि जुन्या अँबॅसिडरवरचा एसयू हे दोन्ही कार्बोरेटर सोशिक. ऐंशी-नव्वदच्या दशकात त्रास व्हायचा तो टाकीतल्या गंजाचा आणि पेट्रोलमध्ये मिसळलेल्या रॉकेलचा. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे पितळी तोंड) काढून हवा मारली, नीडल व्हॉल्व्ह (आत येणारे पेट्रोल रोखणारी सुईची झडप) आणि पॅकिंगचा सेट बदलला की गाडी पुढच्या शिमग्यापर्यंत बिनतक्रार चालायची. तालुक्याच्या गावी हे काम तासाभरात करून देणारा मिस्त्री सहज मिळे.

२००० सालाने हे चित्र बदलले. त्या वर्षी शिसेविरहित पेट्रोल देशभर सक्तीचे झाले, १ एप्रिलपासून नव्या गाड्यांना धुराचे कडक निकष लागले, मारुती ८०० वर कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन (संगणकाने मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आले आणि पद्मिनीचे उत्पादनही त्याच सुमारास थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, तशी कार्बोरेटरच्या सुट्या भागांची सर्वांत मोठी मागणी आटली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे आणखी कडक निकष लागू झाल्यावर मोटरसायकलींवरूनही कार्बोरेटर उतरला. गॅरेजमध्ये नव्याने आलेला पोऱ्या आता स्कॅनर लावायला शिकतो. फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ डबीची) पातळी बसवणे त्याच्या हाताखालून जातच नाही.

पण आजच्या दुखण्याचे मूळ इंधनात आहे. पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याची सुरुवात २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत झाली. पुरवठा अनियमित असल्याने अनेक वर्षे ते फारसे जाणवले नाही. २०२२ च्या मध्यावर दहा टक्के गाठले गेले, वीस टक्क्यांसाठी आधी ठरलेले २०३० हे साल अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये वीस टक्के जवळजवळ सर्वत्र आले. आयात कमी व्हावी, उसाला भाव मिळावा, हे हेतू रास्तच आहेत. वाद आहे तो जुन्या गाड्यांसाठी पर्याय न ठेवण्याचा. जून २०२१ च्या सरकारी आराखड्यातच म्हटले होते की, मूळ बिनइथेनॉल इंधनासाठी घडवलेल्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्के घटेल आणि जुन्या वाहनांसाठी दहा टक्क्यांचे पेट्रोल पंपावर राहावे. यातले दुसरे प्रत्यक्षात आले नाही. बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मिळावा ही मागणी सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयानेही फेटाळली. शिफारस लिहिलेली असताना ती सोडून दिली गेली, आणि तिची किंमत ज्यांच्या गाडीत संगणक नाही ते मोजत आहेत.

ती किंमत नेमकी कशी पडते ते पाहण्यासारखे आहे. निव्वळ पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून इंधन वाढवून घेते. सोलेक्सचे भोक ठरलेले, त्यामुळे मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते : चढाला गाडी अडखळते, ॲक्सिलरेटर सोडताच सायलेन्सरमधून फटाके येतात, प्लग पांढरा पडतो. मेन जेट (मुख्य जेट; त्यावरचा आकडा भोकाच्या व्यासाचा) १२० चा असेल तर १२५ चा लावल्यावर भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते, म्हणजे हिशेब जवळपास जुळतो. जुनाच जेट ड्रिलने मोठा करू नये. तोंडाचा उतार बिघडला की त्यावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. एसयूला जेट बदलावा लागत नाही. खालचा षटकोनी नट एकेक पैलू खाली फिरवायचा आणि इंजिन गरम असताना कार्बोरेटरमधला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलून पाहायचे. आवाज क्षणभर वाढून जागेवर आला तर मिश्रण बरोबर, वाढलेलाच राहिला तर जाड, इंजिन बसू लागले तर पातळ.

दुसरा घाव पाण्याचा, आणि तो कोकणात जास्त बसतो. इथेनॉल हवेतली ओल ओढते. फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधला पेट्रोल साठवणारा कप्पा) हवेला उघडा असतो. चाकरमान्याची गाडी मिरगापासून गणपतीपर्यंत खळ्यात झाकून पडलेली. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन चेंबरच्या तळाशी बसते, आणि मेन जेटला इंधन मिळते ते तळाजवळूनच. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असल्याने तळाला पांढरी, खडूसारखी पूड धरते, तीच पुढे पायलट जेटमध्ये (इंजिन नुसते चालू असताना इंधन देणाऱ्या बारीक जेटमध्ये) अडकते. ‘गाडी चालते, पण आयडलिंगला टिकत नाही, बंद पडते’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असते.

ही पूड नायलॉनच्या ब्रशने आणि कार्बोरेटर क्लीनरने काढावी. आगळ (कोकमाचा खारट रस) किंवा चिंचेच्या पाण्यात सगळेच भिजत घालण्याचा सल्ला गावात हमखास मिळतो. पितळ त्याने लखलखते, पण तेच आम्ल जस्ताची बॉडी खाते. जेटमध्ये तार घालू नये, हवेने साफ करावे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की बुडबुड्यांवरून भोक सापडते. डाग देताना कथिल कमीत कमी लावावे, कारण वजन वाढले की चेंबर ओसंडतो. फ्लँजचे (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या सपाट कडेचे) नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळावेत. एकाच बाजूने ताणले की फ्लँज वाकतो, तिथून हवा शिरते आणि मिश्रण आणखी पातळ होते. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात. त्या बदलताना नीडल व्हॉल्व्हही विटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) टोकाचा घ्यावा.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे, हेही घरी कळते. १०० मिलिलिटरच्या काचेच्या नळकांड्यात १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घालून हलवायचे आणि विस्तवापासून लांब, उघड्यावर दहा मिनिटे ठेवायचे. खालचा थर २८ च्या आसपास आला तर वीस टक्के, १९ च्या आसपास आला तर दहा. जेटचा आकडा त्यावरूनच ठरवावा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीकडून पंपात येणारी नळी काढून तिचे तोंड बंद करून, चेंबरमधले इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, आणि टाकी रिकामी न ठेवता काठोकाठ भरावी, म्हणजे आत ओल्या हवेला जागा उरत नाही.