बॅट निसटली, चेंडू मात्र कुंपणापार

2012 च्या मे महिन्यात सिनसिनाटी रेड्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या टॉड फ्रेझरने एक भलताच होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडणारा फटका, मारला. बाहेर जाणारा चेंडू गाठायला तो पार वाकला आणि बॅट हातातून निसटली. रीप्ले थांबवत थांबवत पाहिला, तर चेंडू लागतो त्या सुमाराला मूठ जवळजवळ मोकळी दिसते. तरीही चेंडू कुंपणापार!

यात चमत्कार काही नाही. बेसबॉलमध्ये चेंडू आणि बॅट एकमेकांना चिकटून असतात ते जेमतेम एक सहस्रांश सेकंद, खरं तर थोडं कमीच. तेवढ्यात चेंडू चेपतो, पुन्हा फुगतो आणि सुटतो. धक्क्याची लाट लाकडातून मुठीपर्यंत जाऊन परत येते तोवर तो बॅटवर उरलेलाच नसतो. म्हणजे हाताला झिणझिण्या येतात त्या उशिराच. ऐन क्षणी मूठ आवळून फटक्यात ‘जोर घालणे’ हा निव्वळ समज. हातांचं काम बॅट फिरवण्यात आधीच संपलेलं असतं.

मग चेंडू लांब जातो कशाने? बॅटच्या वेगाने. इलिनॉय विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन नेथन यांनी लोकप्रिय केलेला हिशेब सोपा आहे. बॅटच्या जाड भागावर, टोकापासून साधारण वीतभर आत, चेंडू नीट बसला तर त्याचा सुटतानाचा वेग म्हणजे येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा पाचवा हिस्सा अधिक बॅटच्या वेगाची 1.2 पट. चेंडू ताशी 150 किलोमीटरने आला आणि बॅट 110 ने फिरली, तर 30 अधिक 132, म्हणजे 162. पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, वेग एक किलोमीटरने वाढवला तर फटक्यात 0.2 ची भर. बॅटरने वाढवला तर 1.2 ची, म्हणजे सहापट! आणि सुटतानाचा वेग ताशी एक किलोमीटरने वाढला की फटका साधारण मीटरभर लांबतो.

हवा नसती तर 45 अंशांत सुटलेला हा चेंडू दोनशे मीटरपलीकडे पडला असता. प्रत्यक्षात तो 120 च्या आसपास पडतो, आणि त्यासाठी कोनही 25 ते 30 अंशांचा लागतो. शाळेतले 45 अंश इथे कामाचे नाहीत. चेंडूच्या किंचित खाली बॅट लागली की त्याला उलटी फिरकी मिळते आणि हवाच त्याला थोडी उचलून धरते. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर 1600 मीटर उंचीवर. तिथली हवा विरळ, त्यामुळे फटके सुमारे पाच टक्के लांब जात. 2002 पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवतात. ओलसर चेंडू कमी उसळतो.

बॅटचा वेगच महत्त्वाचा, तर बॅट हलकी केली तर? नियमात न बसणारी हीच शक्कल अनेकांनी लढवली: टोकाकडून भोक पाडायचं, आत बूच भरायचं, वरून लाकडाची भुकटी आणि गोंद. बूच आतून स्प्रिंगसारखं उसळी देतं, अशीही एक दंतकथा. भोवतीचं लाकूड इतकं ताठ असतं की बुचाला दबायची संधीच मिळत नाही. नेथन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत बॅटवर चेंडू डागून हे तपासलं. उसळी वाढली नाही. बॅट हलकी झाल्याने ती थोडी जोरात फिरते खरी, पण हलकी बॅट चेंडूला ढकलतेही कमी. समजा, त्या पाचव्या हिश्शाचा, 0.2 चा, 0.19 झाला आणि त्याबरोबर 1.2 चा 1.19. आपल्या उदाहरणात ताशी 2.6 किलोमीटर गेले, आणि ते भरून काढायलाच बॅट दोनेक किलोमीटरने जोरात फिरायला हवी. म्हणजे चोरी करून हाती भोपळा! फायदा एकच: हलकी बॅट लवकर वळते, म्हणून चेंडू पारखायला क्षणभर जास्त मिळतो.

3 जून 2003 ला शिकागो कब्ज संघाच्या सॅमी सोसाची बॅट फुटली आणि आतलं बूच दिसलं. ती सरावातली बॅट चुकून उचलली, असं त्याने सांगितलं. सात सामन्यांची बंदी भोगावी लागली. क्लबहाउसमधल्या त्याच्या बाकीच्या 76 बॅटींचे एक्स-रे काढले, एकीतही बूच नव्हतं.