डायनामोचा दोष नव्हता

"डायनामो नवा टाकला भाऊ, तरी सकाळी सेल्फ उचलंना." पैठणला नाथसागराच्या काठावर एका मच्छीमार मित्राने हे ऐकवलं, तेव्हा मी पिशवीतून मल्टीमीटर काढला. होडी फायबरची, इंजिन जुन्या पद्धतीचं डिझेलचं. असं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला बॅटरी लागत नाही. चार्जिंग नीट होत नसलं तरी होडी रात्रभर चालते. कळतं ते दुसऱ्या दिवशी, चावी फिरवल्यावर.

आपल्याकडे सगळे डायनामो म्हणतात, पण ते असतं अल्टरनेटर. आत विजेवर चालणारं चुंबक फिरतं, भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज, तयार होते (फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलीच करामत) आणि सहा डायोड तिची एकाच दिशेने वाहणारी डीसी करतात. गंमत म्हणजे या चुंबकाला सुरुवातीचा करंट बऱ्याच इंजिनांत चार्जिंगच्या लाल दिव्यातूनच मिळतो. तो टीचभर बल्ब उडाला तर धडधाकट अल्टरनेटरही गप्प बसू शकतो. इथे दिवा चावी दिल्यावर लागत होता, इंजिन सुरू झाल्यावर विझत होता. पट्टाही ताठ होता.

जाळ्यावरचे दिवे लावून इंजिन चालू ठेवलं. अल्टरनेटरपाशी 14.2 व्होल्ट, बॅटरीपाशी 13.1. म्हणजे वाटेत 1.1 व्होल्ट गळत होते. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या आउटपुटवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर ठेवली: 0.3. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस: 0.8! म्हणजे मोठी गळती मायनसच्या वाटेवर.

ट्रॅक्टरवर शिकलेले हात इथेच फसतात. ट्रॅक्टरच्या लोखंडी धडातून वीज आपोआप परत येते. फायबरमधून ती येत नाही, म्हणून मायनसची वेगळी जाड केबल बॅटरीपर्यंत न्यावी लागते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. या केबलच्या बॅटरीकडच्या लगवर, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर, हिरवट-निळा थर चढला होता. मोसंबीवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारणाऱ्याला तो रंग सांगायला नको: मोरचूद, बॅटरीच्या आम्लाने तांबं खाऊन केलेलं.

केबलभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लँप मीटरवर 20 अँपिअर. 0.8 ला 20 ने भागलं की 0.04 ओहम. रोध एवढासा, पण त्यात 16 वॅट उष्णता होते. लगला बोट लावलं तर चटका बसला. लांबच्या विहिरीवर बारीक केबल ओढली की मोटार नुसती घूं करते, तोच हा हिशेब. बॅटरीत सहा सेल, भरलेली असली की 12.6-12.7 व्होल्ट, पण तिच्यात चार्ज परत घालायला 14 च्या आसपास दाब हवा. तो मिळाला नाही तर प्लेटांवरचं लेड सल्फेट विरघळत नाही, हळूहळू घट्ट होतं. व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर मात्र अल्टरनेटरपाशीच मोजत होता. त्याच्या लेखी सगळं ठीक!

चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून डायनामो तपासायची मिस्त्रींची सवय मला अजिबात पटत नाही. त्या झटक्यात व्होल्टेज उसळतं आणि चांगले डायोड जळतात.

लग कापला, काळी तार संपेपर्यंत केबल मागे सोलली, नवा लग दाबून बसवला. 0.8 चं 0.05 झालं, बॅटरीवर 13.8. जुना डायनामो अजून गोणपाटात, होडीच्या टोकाला पडून होता. मित्राने त्याच्याकडे पाहिलं. "मग ह्याला काय झालं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो.