इंच स्क्रीनचे, रुंदी फोनची

हल्लीचे फोन फार मोठे झालेत का, या वादात दोन्ही बाजूंचे लोक एकच आकडा पुढे करतात. एक म्हणतो, "६.७ इंचाचा फोन एका हातात मावतच नाही." दुसरा म्हणतो, "६.१ इंच म्हणजे छोटाच की!" दोघेही बोलतात फोनबद्दल आणि आकडा सांगतात स्क्रीनचा. स्क्रीन किती मोठी आणि फोन किती मोठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या एकमेकींपासून इतक्या लांब गेल्यात, की एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायला गेलं तर हमखास चुकतं. तरी फोनांची प्रत्येक तुलना इंचांपासून सुरू होते आणि इंचांवरच संपते. याचा मला मनापासून वैताग येतो, कारण त्यापायी माणसं नको तो फोन घेतात आणि पुढची तीन-चार वर्षं तो दोन हातांनी सांभाळत बसतात.

इंच कसे मोजतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, टीव्हीचे मोजतात तसेच. त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

खरी गोम पुढे आहे. कर्ण सांगितला म्हणजे आकार सांगितला, असं होत नाही. शेताचा सौदा करताना कुणी बांधापासून बांधापर्यंतची तिरकी रेघ विचारत नाही. लांबी किती, रुंदी किती, हे विचारतात. फोनच्या बाबतीत मात्र आपण तिरक्या रेघेवरच समाधान मानतो. तोच कर्ण बुटक्या-रुंद आयताचा असू शकतो आणि उंच-अरुंद आयताचाही. २०१६ पर्यंत बहुतेक फोनांच्या स्क्रीनच्या उंची-रुंदीचं प्रमाण १६:९ होतं. २०१७ मध्ये एलजी जी६, गॅलेक्सी एस८ आणि आयफोन एक्स हे फोन आले आणि उंच स्क्रीनची लाटच आली. आता १९.५:९ किंवा २०:९ हे प्रमाण सर्रास दिसतं.

याचा परिणाम आकड्यांत बघा. ६ इंचाची १६:९ स्क्रीन साधारण ७५ मिलिमीटर रुंद भरते. तीच ६ इंचाची स्क्रीन २०:९ केली तर रुंदी ६२.५ मिलिमीटरच्या आसपास येते. कर्ण तोच, पण रुंदीत सव्वा सेंटिमीटरचा फरक. क्षेत्रफळही सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे ६ इंच आणि आजचे ६ इंच यांची तुलना करणाऱ्याने मुळात दोन वेगळे आयत शेजारी ठेवलेले असतात.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण एकाच वर्षातलं, एकाच कंपनीचं आहे. २०१७ मध्ये आयफोन ८ प्लस आला, स्क्रीन ५.५ इंच. त्याच वर्षी आयफोन एक्स आला, स्क्रीन ५.८ इंच. कागदावर एक्स मोठा. हातात घेतला की ८ प्लस ७८.१ मिलिमीटर रुंद आणि एक्स ७०.९. सात मिलिमीटर म्हणजे फार नाही असं वाटतं, पण हाताला तो फरक डोळे मिटूनही कळतो. एवढंच नव्हे, खुद्द स्क्रीनसुद्धा एक्सची सहा मिलिमीटर अरुंद होती आणि दोन्हींचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच होतं. जास्त इंचांच्या फोनवर ओळीत मावणारा मजकूर कमी होता. आडवा धरून १६:९ चा व्हिडिओ पाहिला, तर चित्रही ८ प्लसवरच मोठं दिसायचं.

दुसरी गोष्ट स्क्रीनच्या भोवतालच्या कडांची. पूर्वी वर स्पीकरची पट्टी, खाली बटणाची पट्टी, दोन्ही बाजूंना जाड काळी किनार असायची. ती सगळी जागा हळूहळू स्क्रीनने खाल्ली. त्यामुळे फोन आहे तेवढाच राहून, किंवा चक्क लहान होऊनही, इंच वाढत गेले. ४.७ इंचाचा आयफोन ८ हा १३८.४ मिलिमीटर उंच आणि ६७.३ रुंद. ५.४ इंचाचा आयफोन १३ मिनी १३१.५ उंच आणि ६४.२ रुंद, वजनालाही थोडा हलका. इंच जास्त, फोन लहान! आणखी टोकाचं उदाहरण हवं असेल तर २०१३ चा सोनी एक्सपीरिया झेड अल्ट्रा घ्या. स्क्रीन ६.४ इंच, रुंदी ९२ मिलिमीटर. २०२४ चा आयफोन १६ प्रो ६.३ इंचाचा आहे आणि त्याची रुंदी ७१.५ मिलिमीटर. इंचांचा हिशेब धरला तर ही जुळी भावंडं. प्रत्यक्षात एक हाताने जेमतेम धरता येणारी पाटी आणि दुसरा साधा, मध्यम फोन.

मग फोन मोठे झाले की नाही झाले? इंच बाजूला ठेवून रुंदी बघितली की चित्र वेगळंच दिसतं. सर्वांत मोठे फोन आणखी रुंद झालेले नाहीत. २०११ मध्ये गॅलेक्सी नोट आला तेव्हा त्याच्या ५.३ इंचांची चेष्टा झाली होती. त्याची रुंदी ८३ मिलिमीटर होती. ६.९ इंचाचा आयफोन १६ प्रो मॅक्स ७७.६ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे २०१७ च्या ८ प्लसपेक्षाही केसभर अरुंद. रुंदीची वरची मर्यादा हाताने केव्हाच ठरवून टाकली आणि कंपन्यांनी ती पाळली.

खालचं टोक मात्र गायब झालं, आणि तक्रार करायची तर ती याचीच करायला हवी. २०१२ चा आयफोन ५ हा ५८.६ मिलिमीटर रुंद आणि ११२ ग्रॅम वजनाचा होता, आणि तो त्या वर्षीचा कंपनीचा सर्वोत्तम फोन होता. २०२४ चा साधा आयफोन १६ घ्या: ७१.६ मिलिमीटर, १७० ग्रॅम. अधल्यामधल्या काळात मिनी आला, दोन वर्षं राहिला आणि २०२२ च्या आयफोन १४ मालिकेत त्याची जागा मोठ्या 'प्लस'ने घेतली. ६७.३ मिलिमीटरचा आयफोन एसई २०२५ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी आलेला १६ई ७१.५ मिलिमीटरचा आहे. असुसचा झेनफोन १० हा ६८.१ मिलिमीटरचा होता. पुढच्या वर्षीचा झेनफोन ११ अल्ट्रा थेट ६.७८ इंचांवर गेला. ज्याला ६५ मिलिमीटरचा चांगला फोन हवा आहे त्याच्यासाठी आज फारसं काही उरलेलं नाही. "फोन मोठे झाले" या ओरडीमागचं दुखणं हे आहे. त्याला "अहो, ६.१ इंचाचा घ्या ना छोटा" असं उत्तर देणाऱ्याला दुखणं कळलेलंच नसतं.

लहान फोन का बंद झाले, याचं एक कारण खरंखुरं आहे. बॅटरीला जागा लागते, कॅमेऱ्याचे मोठे सेन्सर आणि लेन्स यांना जागा लागते, उष्णता पसरायला जागा लागते. लहान फोनात हे सगळं कोंबलं की पहिला बळी बॅटरीचा जातो. शिवाय अनेकांसाठी फोन हाच एकमेव कॉम्प्युटर आहे. अर्ज भरणं, अभ्यास, सिनेमा सगळं त्याच्यावर. त्यांना मोठी स्क्रीन हवी आणि ती मागणी मला रास्त वाटते. पण म्हणून जाडी वाढवून बॅटरी बसवलेला अरुंद फोन कुणी बनवूच नये, हे मला पटत नाही. पातळपणाचं वेड हे माझ्या मते फोनच्या घडणीतलं सर्वांत निरर्थक वेड आहे. फोन धरताना बोटांना जाणवतो तो त्याचा घेर: रुंदी अधिक जाडी, त्याची दुप्पट. त्यात दोन मिलिमीटर जाडी वाढली तरी दोन मिलिमीटर रुंदी कमी असेल तर घेर तोच राहतो आणि अंगठ्याला पलीकडची कड जवळ येते. ९.४ मिलिमीटर जाडीचा झेनफोन १० घेरात ७.८ मिलिमीटरच्या आयफोन १६ पेक्षा लहानच होता.

आता एक आतली गोष्ट, जी रुंदीची बाजू घेणारेही विसरतात. फोन हातात धरणं वेगळं आणि त्याच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत अंगठा पोचणं वेगळं. धरणं रुंदीवर अवलंबून असतं; पोचणं उंचीवरही. उंच-अरुंद स्क्रीनने पहिला प्रश्न सोडवला आणि दुसरा बिघडवला. फोन उजव्या हातात धरा आणि डाव्या वरच्या कोपऱ्यातला 'मागे' जायचा बाण अंगठ्याने दाबून बघा. करंगळी आधार द्यायला खालच्या कडेखाली जाते, मागची बोटं वर सरकतात, तळहात फोनपासून सुटतो आणि फोन अंगठ्याच्या दिशेने कलतो. बाण दाबला जातो त्या क्षणी अख्खा फोन दोन-तीन बोटांच्या पेरांवर तोललेला असतो. हातातून निसटतो तो इथेच.

हा प्रश्न मात्र सॉफ्टवेअरने बराचसा सुटतो, आणि तसे प्रयत्न झालेतही. ॲपलने २०१४ मध्ये आयफोन ६ बरोबर वरचा भाग खाली ओढून घेण्याची सोय दिली. अँड्रॉइड १० पासून कुठल्याही कडेवरून बोट आत सरकवलं की मागे जाता येतं. सॅमसंगने वन यूआय या आपल्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठी शीर्षकं वर आणि दाबायच्या गोष्टी खाली आणल्या. २०२१ मध्ये आयफोनच्या सफारी ब्राउझरची पत्त्याची पट्टी तळाशी आली, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. मला तो त्या वर्षीचा सर्वांत शहाणा बदल वाटतो. एवढं असूनही महत्त्वाचं बटण वरच्या कोपऱ्यात ठेवणारी ॲप अजून निघतात, हे अक्षम्य आहे. उंची अशी भरून काढता येते. रुंदी कुठल्याच सेटिंगने कमी होत नाही, म्हणून फोन घेताना मी रुंदीला आधी मान देतो.

बाकीचे फरक थोडक्यात. वजन स्वतंत्रपणे बघा. आयफोन १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅमचा होता आणि त्याच ६.७ इंचांचा १५ प्रो मॅक्स टायटॅनियमच्या चौकटीमुळे २२१ ग्रॅमवर आला. झोपून वाचणाऱ्याच्या मनगटाला हे कळतं. "डोळे थकलेत, अक्षर मोठं दिसावं म्हणून मोठा फोन घ्या" हा सल्लाही अर्धवट आहे. मोठा फोन सुरुवातीला अक्षर मोठं करत नाही, तेवढ्याच आकाराचा मजकूर जास्त दाखवतो. अक्षर मोठं करायचं काम सेटिंगमध्ये जाऊन करावं लागतं, आणि ते आत्ताच्या फोनवरही होतं. मोठ्या स्क्रीनचा फायदा एवढाच, की अक्षर वाढवल्यावरही ओळीत बऱ्यापैकी शब्द मावतात.

घडीच्या फोनांनी यात नवा घोळ घातलाय. आडवी घडी पडणारे, डबीसारखे मिटणारे फोन "एका हाताचे फोन" म्हणून सांगितले जातात. गॅलेक्सी झेड फ्लिप ५ मिटला की उंची ८५ मिलिमीटरवर येते, पण रुंदी ७१.९ च राहते आणि उघडला की उंची १६५. तो खिशाचा प्रश्न सोडवतो, हाताचा नाही. उंच फोन खिशातून डोकावतो, बसताना टोचतो, ज्या कपड्यांना उथळ खिसे असतात त्यांतून पडतो. त्या सगळ्यावर फ्लिप उत्तम. उघडल्यावर मात्र तो नेहमीच्या मोठ्या फोनसारखाच धरावा लागतो. पुस्तकासारखा उघडणारा झेड फोल्ड ३ याच्या अगदी उलट होता. मिटलेला असताना ६७ मिलिमीटर रुंद, म्हणजे मुठीत छान बसणारा, पण जवळपास दीड सेंटिमीटर जाड आणि २७१ ग्रॅम जड. हाताला रुंदी सोपी, खिशाला जड.

तेव्हा फोन निवडताना माहितीपत्रकात मिलिमीटरचे तीन आकडे शोधा. उंची, रुंदी, जाडी असा क्रम बहुधा असतो. मधला आकडा रुंदीचा. आधी सध्याच्या फोनची रुंदी पट्टीने मोजा, कारण तुमच्या हाताला काय चालतं हे त्या आकड्याला कुठल्याही परीक्षणापेक्षा चांगलं माहीत असतं. त्याच्या वर-खाली तीन मिलिमीटरपर्यंत हात जुळवून घेतो. पाचच्या पुढे गेलात तर धरण्याची पद्धतच बदलावी लागते. माझी स्वतःची हद्द ७१ आहे आणि ती मी कुठल्याही कॅमेऱ्यासाठी ओलांडणार नाही. मोजताना कव्हरही धरा: दोन्ही बाजू मिळून ते सहज तीन-चार मिलिमीटर वाढवतं. ७१ चा फोन ७५ चा होतो, आणि जाड कव्हर घालायचंच ठरलं असेल तर तेवढा अरुंद फोन आधीच निवडावा लागतो.