डोक्यावरचा चौकोन: मेंदूच्या अँजिओत कातडीला लागलेला डोस आम्ही कसा मोजतो

मेंदूच्या अँजिओत, म्हणजे एक्स-रेखाली रक्तवाहिनीत नळी घालून केलेल्या कामात, पेशंटच्या कातडीला किती डोस लागला ते आम्ही मोजून देतो. आमच्याकडे पहिला फोन बहुतेक वेळा एकाच प्रकारचा येतो. पेशंट घरी जाऊन तीन आठवडे झालेले असतात, मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा कॉइलने (बारीक तारेच्या वेटोळ्याने) नीट बंद झालेला असतो, घरचे खूश असतात. मग कटिंगच्या दुकानात खुर्चीत बसल्यावर न्हावी विचारतो, "मामा, कानाच्या वर हे काय झालंय?" तळहाताएवढी जागा, केस साफ गेलेले आणि कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. घरचे म्हणतात चाई पडली. कुणी लसूण चोळायला सांगतं. त्वचारोगाचे डॉक्टरही चाईचंच मलम देतात, कारण महिन्यापूर्वी काय झालं होतं ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

चाई गोल पडते. असा सरळ कडांचा चौकोन कॉलिमेटरचा, म्हणजे एक्स-रेचा झोत चौकटीत आवळणाऱ्या पट्ट्यांचा असतो.

हे पत्रक सोलापूर आणि आसपासच्या कॅथलॅबसाठी (जिथे ही अँजिओची कामं होतात) आहे. डॉक्टर, टेक्निशियन, आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) यांच्यासाठी, आणि खरेदी विभागात बसून "हे अजून एक बिल कशाला?" असं विचारणाऱ्यांसाठीही. तो प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर.

आकडा स्क्रीनवर दिसतो, मग वेगळं मोजायचं कशाला?

स्क्रीनवर साधारण तीन आकडे असतात. पहिला फ्लुरोचा, म्हणजे चालत्या एक्स-रे चित्राचा वेळ. तो सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि कातडीच्या दृष्टीने तोच सर्वात कमी कामाचा. डीएसए म्हणजे आधीचं चित्र वजा करून (सबट्रॅक्शन) फक्त रक्तवाहिन्या दाखवणारं चित्रण. त्याच्या एका फ्रेमला फ्लुरोच्या एका फ्रेमपेक्षा कितीतरी पट डोस लागतो आणि डीएसए त्या मिनिटांत धरलेलाच नसतो. वीस मिनिटं फ्लुरो झालेल्या दोन पेशंटांच्या डोक्यावर अगदी वेगळी गोष्ट घडलेली असू शकते.

दुसरा आकडा डॅप, म्हणजे डोस गुणिले क्षेत्रफळ. मोठ्या खिडकीतून थोडा डोस आणि बारीक खिडकीतून भरपूर डोस, दोन्हींचा डॅप सारखाच येऊ शकतो. कातडीला मात्र दुसरा प्रकार महागात पडतो.

तिसरा आकडा एअर केर्मा, म्हणजे हवेत मोजलेला डोस, मिलिग्रेमध्ये (१००० मिलिग्रे म्हणजे १ ग्रे). हा त्यातल्या त्यात बरा. पण तो कुठला, हे कळल्याशिवाय वाचू नये. यंत्राच्या मध्यबिंदूपासून (ज्याभोवती एक्स-रेची ट्यूब फिरते) ट्यूबच्या दिशेने १५ सेंमी अलीकडे एक ठरलेला बिंदू असतो, तिथल्या हवेतला हा डोस. पोटाच्या किंवा हृदयाच्या कामात तो बिंदू कातडीच्या आसपास येतो. डोकं लहान असतं. मेंदू मध्यबिंदूवर ठेवला की कातडी जेमतेम आठ-नऊ सेंमीवर असते आणि तो बिंदू डोक्याबाहेर हवेत पडतो. म्हणजे कातडी ट्यूबपासून त्या बिंदूपेक्षा लांब, तिला डोस जरा कमी. उलट डोक्यातून मागे उसळणारी किरणं डोस वाढवतात. टेबल आणि गादी थोडा शोषतात, पण फक्त खालच्या ट्यूबचा (बायप्लेन मशीनला दोन ट्यूब असतात, एक टेबलाखाली, एक बाजूला). बाजूच्या ट्यूबच्या वाटेत टेबल नसतं.

एक हिशोब करून पाहू. समजा बायप्लेन मशीनने खालच्या ट्यूबचे ३२०० आणि बाजूच्या ट्यूबचे १८०० मिलिग्रे दाखवले. ट्यूब ते मध्यबिंदू अंतर ७२ सेंमी धरा. खालच्या बाजूला कातडी ट्यूबपासून ६३ सेंमीवर, ठरलेला बिंदू ५७ वर, म्हणून अंतराचा गुणक ०.८२. टेबल-गादीचा ०.८, मागे उसळणाऱ्या किरणांचा १.३, हवेतल्या डोसवरून कातडीचा डोस काढायचा १.०६. गुणाकार साधारण ०.९. म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला २.९ ग्रे. बाजूला टेबल नाही, पण डोकं त्या दिशेने अरुंद म्हणून कातडी ट्यूबपासून जरा आणखी लांब, गुणक १.०८ च्या आसपास येतो, म्हणून कानाच्या वर १.९ ग्रे. रजिस्टरमध्ये मात्र टेक्निशियन दोन्ही बेरीज करून ५००० लिहितो. डोक्यावर ५ ग्रे बहुधा कुठेच लागलेले नसतात. दोन चौकोन जिथे एकमेकांवर चढले असतील, तिथेच ती बेरीज खरी ठरू शकते, आणि ते चढले का, हे स्क्रीन सांगत नाही.

हासुद्धा झाला "एकाच कोनातून सगळं झालं" असं धरून केलेला हिशोब. त्यात यंत्राच्या आकड्याला आंतरराष्ट्रीय मानकातच अधिक-उणे ३५ टक्क्यांची मुभा आहे. म्हणून आम्ही म्हणतो, स्क्रीनचा आकडा इशारा म्हणून घ्या. कातडीचा आकडा कातडीवरच मोजावा लागतो.

आमची टोपी

सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने आहेत, त्यामुळे टोपी शिवून घ्यायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. पातळ सुती कापड, कुठेही धातू नाही, बटण नाही, नाडी कापडाची. आत चोवीस बारीक खिसे, प्रत्येकावर न पुसणाऱ्या शाईने नंबर. ७ नंबर डाव्या कानाच्या वर, १८ उजव्या, १२ डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, १ आणि २ कपाळावर दोन्ही डोळ्यांच्या कडेला. पहिल्या खेपेला कारागिराने सवयीने टोपीच्या कडेला दुहेरी शिलाई घातली आणि ती कानावर टोचायला लागली. आता एकेरी आहे.

खिशांत लिथियम फ्लोराइडच्या टीएलडी (तापवल्यावर प्रकाश देऊन डोस सांगणाऱ्या) चिप्स बसतात. एक चिप ३ मिमीच्या आसपास, तांदळाच्या कणीपेक्षा जरा रुंद. किरणांची ऊर्जा ती आत धरून ठेवते. आम्ही ती तापवली की प्रकाश देते, आणि तो प्रकाश मोजून डोस काढतो. चिप एकदाच बोलते. वाचली की आतलं सगळं पुसलं गेलं, पुन्हा विचारायची सोय नाही. शिवाय १ ग्रेच्या वर ती जरा वाढवून सांगते. आम्ही ते दुरुस्त करूनच रिपोर्ट देतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या कच्च्या आकड्याशी आमचा आकडा ताडून पाहू नका.

दुसरं साधन फिल्म, गॅफक्रोमिक एक्सआर-आरव्ही३. एका बाजूने नारिंगी, दुसरीकडून पांढरी. धुवावी लागत नाही, किरणं लागतील तशी आपोआप काळपट होत जाते, १५ ग्रेपर्यंत चालते. डोक्याखाली एक तुकडा आणि बाजूच्या ट्यूबकडे एक. प्रोसिजर संपल्यावर फिल्म हातात घेतली की चौकोन उघड्या डोळ्यांनी दिसतात, कधी एकावर एक सरकलेले, पत्त्यांचा कॅट पसरल्यासारखे. कित्येक डॉक्टरांना स्वतःच्या कामाचं हे चित्र पहिल्यांदाच दिसतं आणि ते दोन मिनिटं गप्प होतात. नेमका आकडा मात्र लगेच मिळत नाही. रंग स्थिरावायला चोवीस तास देतो, मग स्कॅन करून लाल चॅनेलवरून डोस काढतो.

फिल्म सलग चित्र देते, पण सपाट असते आणि डोकं गोल. चिप नेमक्या जागेचा आकडा देते, पण दोन खिशांच्या मधला चौकोन तिच्या हातून निसटू शकतो. आमचं मत विचाराल तर नवीन ग्राहकाने पहिल्या काही केसेसला दोन्ही वापरावं आणि मग आपल्या कामाच्या पद्धतीप्रमाणे एक निवडावं.

चित्रात हे दिसतं का, असं हमखास विचारतात. फिल्म जवळजवळ दिसत नाही. चिप्स बारीक ठिपक्यांसारख्या दिसू शकतात, पण सबट्रॅक्शनमध्ये पुसल्या जातात. पेशंट हलला तर ठिपका उठेल, पण तेव्हा कवटीही उठलेली असते.

आणखी एक. तुमच्या छातीवरचा टीएलडी बॅज तुमच्यासाठी आहे. एका ठिकाणी उत्साही टेक्निशियनने आपला बॅज पेशंटच्या उशीखाली ठेवला होता. आकडा आला, पण त्याच्या नावावर, आणि मग "इतका डोस कसा लागला" याचं स्पष्टीकरण लिहिण्यात बिचाऱ्याचा महिना गेला.

किती म्हणजे जास्त?

कर्मचाऱ्यांना वर्षाची मर्यादा असते. पेशंटला नसते, कारण डोस घेऊन त्याचा जीव किंवा हातपाय वाचत असतात. अर्धांगाचा झटका येऊन बार्शीहून, अक्कलकोटहून किंवा कलबुर्गीहून धावत आणलेल्या माणसाची गुठळी काढताना ग्रे मोजत थांबायचं नसतं. आमचा रिपोर्ट पुढच्या काळजीसाठी आहे.

कातडीचं गणित साधारण असं. २ ग्रेच्या आसपास काही तासांत हलकी लाली येते नि जाते. सावळ्या कातडीवर ती बहुतेकदा कळतही नाही. ३ ग्रेपासून केस गळू शकतात, साधारण तीन आठवड्यांनी, आणि काही महिन्यांत परत येतात. ६ च्या वर आठ-दहा दिवसांनी ठसठशीत लाली. ७ च्या वर केस कायमचे जाण्याची शक्यता. १० च्या पुढे साल निघू शकते, १५ च्या पुढे ओली जखम होऊ शकते. अमेरिकेच्या एनसीआरपी या किरणसुरक्षा संस्थेने २०१० च्या १६८ व्या अहवालात पेशंटवर लक्ष ठेवायला सुरुवात करण्याची रेघ कातडीच्या ३ ग्रेवर आखली, आणि कातडीचा आकडा हाती नसेल तर स्क्रीनच्या ५ ग्रेवर. आम्हीही रिपोर्टवर ३ च्या वर नारिंगी शिक्का मारतो.

डोळ्याचा भिंग यापेक्षा नाजूक. आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय किरणसुरक्षा आयोगाने २०११ मध्ये त्याचा उंबरठा ०.५ ग्रेवर आणला. बाजूच्या ट्यूबच्या चौकोनात डोळा आला तर ०.५ गाठायला वेळ लागत नाही, म्हणूनच १ आणि २ नंबरचे खिसे.

बेरीज विसरू नका. रक्तवाहिन्यांचा गुंता टप्प्याटप्प्याने बंद करताना तीच कातडी काही आठवड्यांनी पुन्हा किरणांत येते. आधी झालेला सीटीही धरा. २००९ मध्ये अमेरिकेत सीटी परफ्युजनमध्ये (मेंदूचा रक्तपुरवठा पाहणाऱ्या सीटीत) डोस गरजेपेक्षा खूप जास्त गेला आणि पेशंटांच्या डोक्यावरून पट्ट्यासारखे केस गेले, तेव्हा तिथल्या एफडीएला (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला) सूचना काढावी लागली होती.

तुमच्या हातात काय आहे

डिटेक्टर (किरणं टिपून चित्र बनवणारा भाग) डोक्याला जितका जवळ नेता येईल तितका न्या. कॉलिमेशन आवळा. फ्लुरोचे पल्स दर सेकंदाला १५ वरून ७.५ केले की फ्लुरोचा डोस जवळपास निम्मा होतो. डीएसए दर सेकंदाला चार फ्रेमऐवजी दोनने भागत असेल तर भागवा. लांबलेल्या केसमध्ये कोन थोडा बदलला की चौकोन नव्या कातडीवर सरकतो, पण तो पुरेसा सरकला का, हे फिल्मच सांगेल. सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट झूम. झूममध्ये डोस वाढतो, आणि गरज संपल्यावरही तो तसाच राहतो.

आणि डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ. नारिंगी शिक्क्याच्या पेशंटसाठी ती आम्ही मराठी, कन्नड आणि तेलुगूत छापून देतो: "तीन आठवड्यांनी डोक्याची मागची आणि कानावरची बाजू घरच्यांकडून बघून घ्या. केस गेले किंवा कातडी लाल झाली तर घाबरू नका, काही चोळू नका, आम्हाला फोन करा." एवढं असलं तर तो लसूण वाचतो, आणि त्वचेच्या डॉक्टरांकडून बायोप्सीही. किरणं लागलेल्या कातडीवर बायोप्सीची जखम भरायला त्रास देते.

पाकीट पाठवताना

प्रत्येक पाकिटात फिल्मचा एक न वापरलेला तुकडा आणि दोन चिप्स "साक्षीदार" म्हणून असतात. त्या कॅथलॅबमध्ये नेऊ नका, ऑफिसच्या कपाटात ठेवा आणि परत त्याच पाकिटात घाला. वाटेत लागलेलं ऊन-उष्णता त्यांच्यावरून कळते. हे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. एका मे महिन्यात आमचा माणूस फिल्म स्कूटरच्या डिकीत ठेवून जेवायला गेला, आणि संध्याकाळी सगळे तुकडे सारखेच काळवंडलेले निघाले. त्या पेशंटचा आकडा गेला तो गेलाच. आता मार्च ते जून आम्ही बर्फाच्या पिशवीचा डबा घेऊन येतो आणि फिल्म खिडकीजवळ ठेवलेली दिसली तर आल्या आल्या कटकट करतो, राग मानू नका.

फिल्म आणि चिप्स मिळाल्यापासून तिसऱ्या कामाच्या दिवशी रिपोर्ट मिळतो. ३ ग्रेच्या वर आकडा निघाला तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन जातो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत शहरातले रस्ते वळवलेले असतात, त्या आठवड्यात पाकीट सकाळी दहाच्या आत तयार ठेवा.