सिगारेट सुटल्यानंतरचा चहा

सिगारेट सोडलेला माणूस ती पुन्हा पेटवतो, तो बहुतेकदा घराबाहेर. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर जुना मित्र भेटतो, टपरीवर दोन चहा सांगितले जातात, मित्र पाकीट पुढे करतो आणि दीड महिना निभावलेला गडी "एकच घेतो" म्हणून हात पुढे करतो. घरी कळतं, आणि सगळे मिळून ठरवतात की याच्या मनातच जोर नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो घातकही आहे, कारण असं ऐकलेला माणूस पुढचा प्रयत्न करायलाच तयार होत नाही. त्या टपरीपाशी त्याच्या मेंदूत काय घडलं हे कळलं, तर मात्र पुढच्या खेपेची तयारी करता येते.

झुरका घेतल्यावर निकोटिन मेंदूत पोचायला 10 ते 20 सेकंद लागतात. मेंदूतल्या पेशींवर अ‍ॅसिटिलकोलिन या शरीराच्या स्वतःच्या रसायनासाठी ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे ते रसायन टिपून घेणाऱ्या जागा, असतात. निकोटिन त्यांच्यावर जाऊन बसतं आणि त्यामुळे डोपामिन स्रवतं. डोपामिन म्हणजे नुसतं सुख नव्हे. आत्ता जे घडलं ते महत्त्वाचं होतं, पुन्हा करायचं आहे, अशी नोंद मेंदूत त्याच्यामुळे होते. दिवसाला 10 सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले, तर वर्षात ही नोंद 36,500 वेळा होते. तीही एकट्या सिगारेटची होत नाही. त्या क्षणी हातात असलेला चहाचा ग्लास, जेवणानंतरचा अंगणातला कट्टा, एसटीची वाट बघत उभं राहायची जागा, एमआयडीसीतली पाळी सुटल्याचा भोंगा, हे सगळं तिच्याबरोबर नोंदलं जातं.

वर्षानुवर्षं निकोटिन मिळत राहिलं की मेंदू या ग्राहकांची संख्या वाढवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि रिकामे झालेले ग्राहक मागणी सुरू करतात. चिडचिड, बेचैनी, कशात लक्ष न लागणं, भूक वाढणं, झोप मोडणं हे सगळं त्यातून येतं. सोडल्यानंतरचे पहिले तीन दिवस सर्वांत अवघड असतात, पण तीन-चार आठवड्यांत हा त्रास बहुतेकांचा ओसरतो. मेंदूची चित्रं घेऊन केलेल्या अभ्यासांत वाढलेल्या ग्राहकांची संख्या 6 ते 12 आठवड्यांत सिगारेट न ओढणाऱ्यांइतकी खाली आलेली दिसली आहे. शरीर आपलं काम चोख करतं.

जागांच्या आठवणी मात्र या वेळापत्रकाने पुसल्या जात नाहीत. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सिगारेट सोडलेल्यांना 7, 14 किंवा 35 दिवसांनी सिगारेटची आठवण करून देणाऱ्या गोष्टी दाखवल्या. 35 दिवस झालेल्यांची तलफ 7 दिवसवाल्यांपेक्षा जास्त निघाली. एरवी दिवसभर सतावणारी ओढ कमी होत असतानाच खुणेने जागी होणारी ओढ वाढत होती. "महिना झाला, आता मला काही होत नाही" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. तो त्या टपरीवर अजून गेलेला नसतो, एवढंच.

चहाची एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जास्त काम करू लागतं, आणि चहा-कॉफीतल्या कॅफिनची विल्हेवाट लावणारं विकर तेच आहे. ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन जवळजवळ दुप्पट वेगाने बाहेर पडतं. सिगारेट सुटली की काही दिवसांतच ते विकर मूळपदावर येतं, पण चहाचे कप तेवढेच राहतात. बरेचदा वाढतातही, कारण हाताला काहीतरी हवं असतं. मग त्याच पाच कपांमधून रक्तात कॅफिन कितीतरी जास्त साठतं. छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री डोळा लागत नाही, आणि माणसाला वाटतं की सिगारेट सोडल्याचाच हा त्रास आहे, एक ओढली की थांबेल. त्यातला काही भाग चहाचा असतो. म्हणून सोडायच्या आठवड्यापासून चहा निम्म्यावर आणा आणि संध्याकाळनंतर तो बंदच ठेवा. हाच मुद्दा काही औषधांनाही लागू आहे. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन चालू असेल, तर सिगारेट सोडत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. मात्रा कमी करावी लागू शकते.

आता "एकच घेतो" याचं काय होतं ते पाहू. 2006 साली लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की एक-दोन झुरक्यांनीच निकोटिनचे निम्मे प्रमुख ग्राहक व्यापले जातात आणि तीन तासांहून अधिक काळ व्यापलेले राहतात. मेंदूच्या हिशोबात अर्धी सिगारेट किंवा मित्राची सिगारेट असा प्रकारच नाही. म्हणून "कमी करतो" या बेतापेक्षा "एक झुरकाही नाही" हा नियम पाळायला सोपा जातो. टपरीवर उभं राहून रोज नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही.

सातारा जिल्ह्यात हा नियम नवा नाही. लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने माउलींची पालखी जाते आणि माळ घातलेली माणसं इथे घरोघरी आहेत. लग्नाच्या पंगतीत मटणाचा आग्रह झाला तर माळकरी "सध्या सोडायचा प्रयत्न करतोय" असं म्हणत नाही. "माळ आहे, आपल्याला चालत नाही," एवढ्यावर विषय संपतो आणि आग्रह करणाराही मागे हटतो. इंग्लंडमधल्या एका पाहणीत, सिगारेट सोडल्यावर जे स्वतःला धूम्रपान न करणारा माणूस समजू लागले, ते पुढेही सुटलेले राहण्याचं प्रमाण जास्त दिसलं. "मी ओढत नाही" हे वाक्य पहिल्या दिवसापासून मोठ्याने म्हणावं असं मला मनापासून वाटतं. आधी ते जिभेवर अवघडतं, नंतर बसतं.

पण वाक्याच्या जोडीला बेत हवा, आणि तो जागेवार हवा. आपण कुठे कुठे ओढत होतो ते एका कागदावर लिहा आणि प्रत्येक जागेपुढे तिथे काय करायचं ते लिहा. जेवण झालं की ताबडतोब उठून दात घासायचे. टपरीवर बसायचंच असेल तर चहाऐवजी ताक किंवा लिंबूपाणी सांगायचं आणि पाकीट पुढे येण्याआधीच "सोडली" म्हणून टाकायचं. तलफेची एक लाट सहसा काही मिनिटंच टिकते, आणि तेवढ्यात थोडं भरभर चालून आल्याने ती कमी होते हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. अजिंक्यताऱ्याचा चढ जवळ असलेल्या गावाला याहून चांगली सोय कुठली? तोच चढ महिन्यातून एकदा ठरवून चढा. पूर्वी कुठल्या वळणावर थांबावं लागायचं आणि आता कुठे लागतं, हे स्वतःच्या छातीनेच सांगितलं की हुरूप टिकतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत खोकला आणि कफ वाढला तर घाबरू नका. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेलं बाहेर लोटतात. मात्र खोकला टिकून राहिला किंवा कफात रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं. त्यावर उपाय म्हणून तलफेच्या वेळी कंदी पेढ्याऐवजी फुटाणे खिशात ठेवा. आणि सिगारेट सोडून तंबाखूचा बार भरायला लागणं याला सोडणं म्हणत नाहीत. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर 24.4 टक्के धूररहित तंबाखू घेत होते. आपल्याकडे ही घसरण अगदी हाताशी आहे. विडीत तंबाखू कमी असते म्हणून ती चालेल, हाही गैरसमज आहे. ती विझू नये म्हणून जास्त झुरके मारावे लागतात आणि निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड भरपूर मिळतं.

निव्वळ निश्चयावर सोडायला गेलेल्या 100 जणांपैकी वर्षभराने 3 ते 5 जणच सुटलेले असतात. हे दर प्रयत्नाचं गणित आहे, आयुष्याचं नव्हे. म्हणून मदत घ्या. निकोटिनच्या च्युइंगमने यशाची शक्यता निम्म्याने वाढते, आणि 2 मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो. तो साध्या गमसारखा सतत चघळायचा नसतो. चुरचुरायला लागला की गालात धरून ठेवायचा. त्याआधी 15 मिनिटं आणि तो तोंडात असताना काही खाऊ-पिऊ नये. व्हॅरेनिक्लिन हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं असतं आणि ते जास्त परिणामकारक आहे.

उशीर झाला असं वाटणाऱ्यांसाठी ब्रिटनमधला एक अभ्यास सांगतो. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या सवयींची नोंद सुरू केली आणि 2004 मध्ये पन्नास वर्षांचे निष्कर्ष आले. तिशीत सोडणाऱ्यांचं आयुष्य ओढत राहणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 10 वर्षांनी वाढलं, चाळिशीत सोडणाऱ्यांचं 9, पन्नाशीत 6 आणि साठीत सोडणाऱ्यांचं 3 वर्षांनी. नातवाच्या शाळेचा पहिला दिवस आणि त्याची चौथी यांत साधारण तीनच वर्षांचं अंतर असतं.

आणि ओढली गेलीच एखादी, तर त्याच संध्याकाळी घरच्यांना सांगा. घरच्यांनी तेव्हा रागावू नये. कुठे झालं, कोण बरोबर होतं, एवढंच विचारावं आणि ती जागा कागदावर चढवावी. पुढचं पाकीट मात्र विकत आणायचं नाही. पाकिटांवर छापलेला 1800-11-2356 हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे. तिथे समुपदेशक बोलतात, आणि पहिल्यांदा सोडतानाच नव्हे, पुन्हा सोडतानाही तिथे फोन करता येतो.